डोंगरावर कळलेलं रक्त

मला लाज वाटते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे हात अडखळणार नाही. परमुलखात आजारी पडल्याची लाज, परक्या माणसाच्या पाठीवर बसून डोंगर उतरल्याची लाज, बरोबरच्या सगळ्यांची सहल पाण्यात घातल्याची लाज. आणि घरी आल्यावर आजाराचं खरं नाव दडवून लोकांना भलतंच सांगत बसले, त्याची तर विचारूच नका. आमचे हे म्हणतात, "कशाला लिहितेस? बरी झालीस ना? मग झालं." अहो, बरी झाले म्हणूनच तर लिहायचंय. दवाखान्यात पडले होते तेव्हा असं कुणी लिहिलेलं माझ्या हाती लागलं असतं, तर घरी आल्यावर तरी मी शहाण्यासारखी वागले असते.

तर मी सुनंदा. जळगावात घरीच शिवणक्लास चालवते. हे भुसावळला रेल्वेत आहेत. एकच मुलगी, तेजस्विनी, आमची तेजू. इथल्याच कॉलेजात शिकवते. दसऱ्याला तिचा साखरपुडा झाला, मुलगा धुळ्याचा, अक्षय. लग्न माघात धरलं. पत्रिका जुळल्या, माणसं जुळली, पोरं तर केव्हाच जुळलेली. हे लग्न डोळ्यांपुढे ठेवूनच पुढचं सगळं वाचा, कारण माझा जीव त्यातच अडकला होता.

गोणीभर वांगी

पहाटे तलावावर फिरणारा आमचा एक ग्रुप आहे. त्याचे पुढारी ललितभाऊ. कापडाचं दुकान, आजोबा राजस्थानातून आलेले, पण भाऊंचं मराठी माझ्यापेक्षा खमंग. त्यांच्या मनात कित्येक वर्षांपासून एकच, की एकदा हिमालयात तंबू ठोकून राहायचं. दिवाळी झाली की नेपाळला जायचं, लांगटांगचं खोरं चढून जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. जळगावात चढायचा सराव करायला आहे काय? आम्ही पाठीवर पिशव्या लटकवून रेल्वेच्या पुलाचा जिना चढायचो-उतरायचो. हमाल विचारायचे, "ताई, गाडी चुकली का?"

आता हिवाळा तोंडावर आलेला. आणि हिवाळा आला की जळगावचा माणूस भरताची पार्टी केल्याशिवाय राहत नाही, मग तो कुठेही असो. मी जाहीर करून टाकलं, "डोंगरावर भरीत मी करणार." नुसतं म्हणून थांबले असते तर बरं. भरताची मोठी हिरवी वांगी गोणीत भरली, सोबत मिरच्या, लसूण, शेंगदाणे, पुऱ्यांसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ. गोरखपूरपर्यंत रेल्वेने, पुढे बसने. सरहद्दीच्या नाक्यावर पोलिसाने एक वांगं हातात घेऊन दाबून पाहिलं, वास घेतला, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की आमच्या किरणभाभी, म्हणजे ललितभाऊंच्या बायको, हसून हसून खाली बसल्या.

चढण सुरू झाली आणि मला कसलाच त्रास नाही. बाकीच्यांना धाप लागत होती, कुणाचं डोकं दुखत होतं. मी आपली तुरुतुरु पुढे. आमचा वाटाड्या दावा मला "दिदी नंबर एक" म्हणायचा. मी फुगले. खोटं कशाला बोलू, चांगलीच फुगले. तेजूला फोनवर सांगितलं, "तुझी आई बघ, अजून पंचविशीतली आहे."

नदीकाठी गवताच्या सपाटीवर तंबू ठोकले, बर्फाचे डोंगर दोन्ही बाजूंनी डोक्यावर आलेले, तिथे मी भरीत केलं. वाळक्या काड्या पेटवून वांगी भाजली, किरणभाभींनी ठेचून दिली, मी फोडणी घातली. शेजारी पुण्याचा एक ग्रुप उतरला होता, तोही वास घेत आला. सगळ्यांनी बोटं चाटली. ललितभाऊ जैन, त्यांना वांगं चालत नाही आणि लसूण तर नाहीच, ते बाजूला बसून खाखरा खात आमच्याकडे कौतुकाने बघत होते. आयुष्यात इतकं कौतुक माझ्या वाट्याला क्वचित आलं असेल.

कळ

सकाळी तंबूतून बाहेर आले आणि डाव्या बरगडीखाली कळ आली. साधी नाही, सुरी खुपसल्यासारखी. खाली बसले. श्वास घ्यावा तर कळ थेट डाव्या खांद्यात चढायची.

ललितभाऊंनी लगेच निकाल दिला, "वांगं वातूळ असतं. मी तर पहिल्यापासून सांगत होतो."

"भाऊ, तुम्ही खाल्लंच नाही, तुम्हाला काय कळणार?" मी म्हटलं. कळ येत असली तरी तोंड चालू होतं.

"खाल्लं नाही म्हणून तर धडधाकट उभा आहे ना!"

मग ओवा आला, हिंग आला, पादेलोण आलं. एकीने सांगितलं उसण भरली. किरणभाभींनी तेल गरम करून पोट चोळून दिलं, प्रेमानेच. पुढे काठमांडूच्या डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्या कपाळाला हात लावायच्या बाकी होत्या. पोटात कळ असताना पोट चोळू नका, कुणालाही चोळू देऊ नका, हे मी इथे जाड अक्षरात लिहिलंय असं समजा.

दावा येऊन बसला. डोकं दुखतं का, तोल जातो का, खोकला आहे का, त्याने विचारलं. त्यातलं काहीच नव्हतं. उंचीची बाधा त्याने पुष्कळ पाहिली होती, ही तशी दिसेना, म्हणून तोही चक्रावला. तरी म्हणाला, "दिदी, एक दिन नीचे चलते हैं. ठीक लगेगा तो फिर आएँगे."

आणि मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं? वांग्यामुळे. पुण्याचा ग्रुप बघत होता. काल ज्यांनी माझ्या हातचं खाऊन वाहवा केली, त्यांच्यासमोर मी माझ्याच भरताने आडवी होऊन खाली जायचं? जळगावात गेल्यावर तलावावर जन्मभर हीच गोष्ट निघेल, सुनंदाताई वांगी घेऊन गेल्या आणि वांग्याने परत आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "गॅस आहे, चालले की जाईल." आणि खाली जायचं सोडून वर चालायला लागले.

वरच्या मुक्कामापर्यंत कशी पोहोचले ते माझं मला माहीत. दोन-चार पावलं टाकायची आणि काठीवर वाकायचं. वाटेत दोनदा ओकले. तंबूत पोहोचल्यावर अंगात ताप फणफणला आणि मी तेजूचं नाव घेऊन बडबडायला लागले, असं किरणभाभी सांगतात. मला एवढंच आठवतं, की मी मनात म्हणत होते, आता मेले तर पोरीचं लग्न लांबणार. मरणाची भीती वाटायच्या आधी मला लग्नाची भीती वाटली. आईचं डोकं असंच चालतं बहुतेक.

टोपलीत

ढग खोऱ्यात उतरलेले, हेलिकॉप्टर येणार नाही असं कळलं. सामान वाहणाऱ्यांपैकी एक थोराड माणूस होता, त्याला सगळे काइँला म्हणायचे. त्याने आपली वेताची टोपली एका बाजूने कापली, आत गोधडी घातली, मला तीत बसवलं आणि पट्टा कपाळाला अडकवून उभा राहिला. चांगली भरल्या अंगाची बाई मी. आमच्या घरात मला शेवटचं कुणी उचललं असेल ते मी फ्रॉकमध्ये असताना.

त्या टोपलीत माणूस पाठमोरा बसतो. म्हणजे काइँला खाली बघून उतरणार आणि माझं तोंड वर, आलो त्या दिशेला. मला दिसत होते ते माझ्यामागे उतरणारे आमचेच लोक. सगळेच्या सगळे परत फिरले होते. मी म्हटलं होतं, तुम्ही जा पुढे. कुणी ऐकलं नाही. ललितभाऊ सगळ्यांत पुढे, माझ्या टोपलीला लागून. त्यांच्या पाठीमागे तो बर्फाचा डोंगर ढगातून मधूनच उघडा पडत होता, ज्याच्यासाठी त्यांनी इतकी वर्षं घालवली. मी म्हटलं, "भाऊ, मागे बघा की, दिसतोय." ते म्हणाले, "माझं लक्ष पायाकडे आहे, बोलू नका." एकदाही त्यांनी मान वळवली नाही. मी डोळे मिटून घेतले, मला त्यांच्याकडे बघवेना.

आणि आता जे लिहायचं ते लिहितेच. एका उतारावर काइँलाचा पाय जरा सटकला, मला जोरात हिसका बसला, आणि मला आवरलं नाही. गोधडी भिजली, टोपली भिजली, त्या माणसाची पाठ भिजली. मी रडायला लागले, हुंदके देऊन, लहान पोरीसारखी. तो थांबला, टोपली हळूच खडकावर टेकवली, किरणभाभींनी आडोसा धरून मला कोरडं केलं. त्याने आपला शर्ट काढून ओढ्यात पिळला आणि तोच ओला शर्ट परत अंगात चढवला. "केही छैन दिदी," एवढंच म्हणाला. काही नाही, असा त्याचा अर्थ. मग पुन्हा पट्टा कपाळाला.

खाली जीप मिळाली आणि काठमांडू. जितकं खाली येत होते तितकं श्वासाला बरं वाटत होतं, आणि जितकं बरं वाटत होतं तितकं मला सगळं आठवत होतं.

काठमांडूचा दवाखाना

पोटाचे फोटो काढले, रक्त घेतलं, नाकाला नळी, हाताला सलाईन. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या, तरुण, गोड बोलणाऱ्या. हिंदीत म्हणाल्या की तुमच्या पांथरीच्या, म्हणजे डाव्या बरगडीखालच्या प्लीहेच्या, काही भागाचा रक्तपुरवठा बंद पडलाय, तो भाग मेलाय. मी विचारलं, "वांग्याने असं होतं?" त्या हसल्या. ललितभाऊ शेजारीच उभे होते, ते खिडकीबाहेर बघायला लागले. नंतर नर्स गेल्यावर हात जोडून म्हणाले, "सुनंदाताई, मी वांग्याची माफी मागतो." मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि हसताना पुन्हा कळ आली.

संध्याकाळच्या फेरीला डॉक्टरीणबाईंनी मला रक्ताचं सांगितलं. माझ्या रक्तात सिकलसेल आहे. मी रोगी नाही, वाहक आहे. जळगावात शंभरी गाठली असती तरी कदाचित काही कळलं नसतं. पण उंचावर हवा विरळ झाली, तिथे रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या झाल्या आणि पांथरीत अडकल्या.

सिकलसेल हे नाव मी ऐकलेलं. आमच्याकडे कुणी नाही ऐकलं? सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत त्याची तपासणी चालते, दवाखान्यांच्या भिंतींवर पाट्या असतात. माझ्या तोंडून चटकन निघालं, "पण हा तर तिकडच्या पाड्यांवरच्या लोकांचा आजार. आमच्यात कसा?" डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मला सलाईन लावणाऱ्या नर्सने वळून पाहिलं. मला टोपलीत वाटली नव्हती तेवढी शरम तेव्हा वाटली. मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं होतं. ज्या लोकांची लेकरं हे जन्मभर सोसतात, त्यांचा आजार आपल्याला लागला म्हणजे जणू आपला हुद्दा घसरला, असा माझा सूर होता.

त्या पुढे विचारत होत्या. मुलं किती? लग्न झालंय का? म्हटलं, एकच मुलगी, लग्न ठरलंय. "मग मुलीची तपासणी करा आणि होणाऱ्या जावयाचीही. दोघंही वाहक निघाले तर बाळाला खरा आजार होऊ शकतो. एकच असेल तर भिण्याचं कारण नाही. दोघं असले तरी वाटा आहेत, पण आधी माहीत हवं." मग सहज विचारल्यासारखं, "तुमचं सख्खं भावंड कोणी लहानपणी गेलंय?"

गेलं होतं. माझ्या आधीचा एक भाऊ. मी पाळण्यात असताना गेला. आमच्या घरात त्याच्याबद्दल कधी कुणी बोललं नाही.

दवाखान्यातले दिवस सगळे सारखेच. सकाळी रक्त, मग पातळ खिचडी, मग डॉक्टर, मग छताकडे बघणं. कळ कमी कमी होत गेली, ऑपरेशन लागलं नाही. हे भुसावळहून आले, स्टेशनवर घेतलेली केळी तशीच पिशवीत घेऊन. माझ्या पायाशी बसले आणि बराच वेळ पाय दाबत राहिले. घरी कधी दाबले नव्हते. परत जाताना विमान नको असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, म्हणून आलो तसेच गाडीने गेलो. ललितभाऊंनी आमच्यासाठी खालचे बर्थ मिळवले आणि स्वतः अख्खी वाट दाराशी काढली.

भरीत बाधलं

जळगावात नीट तपासणी झाली. मी वाहक, पक्कं. यांच्यात नाही. तेजू वाहक.

तेजूचा कागद हातात आला त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. ती म्हणाली, "आज संध्याकाळी अक्षयला सांगते." हे म्हणाले, "अजिबात नाही. त्या लोकांना काय कळणार वाहक म्हणजे काय? मुलगी रोगी आहे एवढंच ऐकतील. लग्न होऊ दे, मग सावकाश सांगू." आणि मी? मी यांच्याच बाजूने बोलले. म्हटलं, "तेजू, थोडं थांब. मला जरा उभी राहू दे."

मग भेटायला येणारे सुरू झाले. आपल्याकडे आजारी माणूस घरी आला की अख्खी गल्ली नारळ-फळं घेऊन येते आणि पहिला प्रश्न एकच, नेमकं झालं तरी काय? मी काय सांगत होते माहितेय? भरीत बाधलं. हो, तेच भरीत, ज्याच्या शरमेपायी मी मरायला डोंगर चढले होते, ते आता मी हसत हसत सगळ्यांच्या पुढे करत होते. "अहो, काय सांगू, वांगी घेऊन गेले आणि वांग्याने परत आले!" लोक पोट धरून हसायचे. विहीणबाईंचा, म्हणजे अक्षयच्या आईचा, मंगलताईंचा धुळ्याहून फोन आला, त्यांनाही हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "लग्नात भरीत नको मग!" मीही हसले. तेजू समोर उभी होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "आई, तुला लाज कसली वाटते? आजाराची, की माझी?"

"तुझी कशाला वाटेल गं?"

"मग मला का लपवतेस?"

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. मला अंगात ताकद येत होती, भूक लागत होती, डॉक्टर खूश होते, आणि मी दिवसेंदिवस सुकत चालले होते. रात्री हे पण जागेच असायचे, मला कळायचं. दोघंही झोपेचं सोंग घेऊन पडायचो.

मायकडे

माझं माहेर धुळ्याकडचं, साक्री रस्त्यावरचं एक खेडं. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. माय ऐंशीच्या घरातली, भावजयीकडे असते, कान शाबूत, डोळे अधू. मी गेले आणि तिच्या खाटेवर बसले. तिच्याशी मी अहिराणीतच बोलते.

"माय, मना आधीना पोऱ्या गया ना, त्याले काय व्हयेल व्हतं?" माझ्या आधीचा मुलगा गेला त्याला काय झालं होतं, असं विचारलं.

"आते कसाले इचारी राह्यनी?" ती म्हणाली. आत्ता कशाला विचारतेस.

"सांग ना."

 मग सुरू झाली आणि थांबेना. हातपाय सुजायचे त्याचे. हाडं दुखायची. डोळे पिवळे व्हायचे. थंडी पडली की रडायचा, मांडीवर घेतला तरी रडायचा, खाली ठेवला तरी रडायचा. "बठ्ठा मालेच बोलनात," ती म्हणाली. सगळ्यांनी तिलाच बोल लावला होता. "तुनी आजी म्हने, हाईच त्याले गारठामा वावरमा लई गयी. हाईनीच खादं पोऱ्याले." म्हणजे थंडीत शेतात नेऊन हिनेच पोराला खाल्लं, असं माझी आजी म्हणायची. आणि आबा? "तुना बाप काई बोलना नही. मान खाले घाली बठे."

मी तिला समजावलं. डॉक्टर म्हणतात, त्याला बहुतेक हाच आजार असणार. तुझ्या एकटीच्या रक्ताने तो होत नाही माय, आबांच्या रक्तातही असला पाहिजे. दोघांचं मिळून. गारठ्याने नाही, दुधाने नाही, कुणाच्या नजरेने नाही.

"म्हंजे मनी चूक नही?"

"नही माय."

माय माझ्याकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं आता रडेल, बरं वाटेल तिला. ती म्हणाली, "आते सांगी राह्यनी? बठ्ठा मरी गयात वं." आता सांगतेस होय, ज्यांना ऐकवायचं ते तर सगळे मरून गेले.

मी तिथून उठले आणि यांना फोन लावला. म्हटलं, उद्या धुळ्याला या, मंगलताईंकडे जायचंय. हे म्हणाले, "विचार कर." मी म्हटलं, "केला." उद्या तेजूला बाळ झालं आणि त्याचे हातपाय सुजले, तर बोल कुणाला लागणार ते मला लख्ख दिसलं होतं. आणि तेव्हा मला सगळं माहीत असणार होतं, गप्प मी बसलेली असणार होते. तेजूलाही फोन केला. ती म्हणाली, "मी येऊ?" म्हटलं, "नको. हे माझ्याकडून आलंय, मीच नेऊन देते."

धुळ्याला

अक्षयची तपासणी त्याच आठवड्यात झाली आणि त्याच्या रक्तात हे नाही. वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून आधीच सांगते. पण आम्ही मंगलताईंच्या घरी बसलो होतो तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं.

चहा झाला. मंगलताईंनी भरतावरून चिडवायला सुरुवात केली आणि मी म्हटलं, "ताई, भरीत बाधलं नव्हतं. मी खोटं बोलले." मग सगळं सांगितलं. डोंगर, पांथरी, माझं रक्त, तेजूचं रक्त. माझा भाऊ आणि माय पण सांगितली. हे मांडीवर हात ठेवून जमिनीकडे बघत होते.

मंगलताईंचा चेहरा उतरला. त्या एरवी मोकळ्या बाई, पण आवाज बदलला त्यांचा. "साखरपुड्याच्या आधी माहीत होतं?"

"नाही."

"मी फोन केला तेव्हा?"

"माहीत होतं."

त्या उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, कपबशा धुवायचा, मग तोही थांबला. हे माझ्याकडे बघेनात. मला वाटलं संपलं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं, आणि पळायला तोंडही नव्हतं.

मंगलताई पदराला हात पुसत बाहेर आल्या, समोर बसल्या. म्हणाल्या, "अक्षयला उद्याच पाठवते तपासायला. ते करायलाच पाहिजे." मग विचारलं, "तुमच्या भावाचं नाव काय होतं हो?"

 मला माहीतच नव्हतं. आदल्याच दिवशी मायपाशी बसून हातपाय, हाडं, डोळे, सगळं विचारलं, डॉक्टरसारखं. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. आयुष्यभर सुचलं नाही. त्या खोलीत मला इतकं खुजं वाटलं की मान वर करता येईना.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मग विचारा ना," मंगलताई म्हणाल्या.

भावजयीला फोन लावला. तिने फोन मायच्या कानाला धरला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी फोन टीपॉयवर ठेवला, आवाज मोठा केला. म्हटलं, "माय, त्यानं नाव काय व्हतं?"

 मग माय म्हणाली, "रतन." आणि लगेच पुन्हा, जरा मोठ्याने, "रतन नाव व्हतं. मीच ठेयेल व्हतं." मग एकदम सावध होऊन, "कसाले? कोन इचारी राह्यनं?"

 यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मंगलताईंनी टीपॉयवरचा फोन उचलला, तोंडाजवळ धरला आणि म्हणाल्या, "मी इचारी राह्यनी, माय. तेजूनी सासू."